एस्थरबाईंनी दाखविलेली जागा

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
दि. २२ डिसेंबर २०२५

चि. सुलभा हिस,

मी, रंगनाथ तात्याबा ढोकचौळे, वय वर्षे चौऱ्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातील निवृत्त हेडमुकादम, गावच्या तंटामुक्ती समितीचा माजी अध्यक्ष, हल्ली मुक्काम मुलगा राजीव याच्या घरी, असे लिहितो की तुझे पत्र व सोबतचे पुस्तक पोहोचले.

पत्राची सुरुवात अशी का, असे राजीवने विचारले. लिहिणाऱ्याने आपण कोण हे आधी सांगावे, असे मी त्याला सांगितले. ज्याला लिहायचे त्याने आपले अक्षर बावीस वर्षांत पाहिलेले नसेल, तर विशेषच.

पुस्तक इंग्रजीत आहे. तुझी भाची इला ॲन आर्बरहून सुटीसाठी आली आहे. तिने ते मला वाचून व मराठीत सांगून दाखविले. तुमच्या ग्लेनारवी गावाला दीडशे वर्षे झाली म्हणून नगरपालिकेने ते छापले, हे कळले. कागद उत्तम आहे. मजकुरासंबंधी सांगायचे तर, कॅप्टन ह्यू मॅकार्डल याने नदीच्या मुखातून होडी आत घातली, रान तोडले, उसाचे पहिले बेणे लावले आणि गावाला आपल्या आईच्या गावाचे नाव दिले. पुढे पहिला गाळप हंगाम, पहिली चिमणी, पहिले चर्च, दारूचे पहिले दुकान, आणि घोड्यांच्या शर्यतीचे पहिले मैदान. त्याआधी तेथे जे लोक राहत होते त्यांच्याविषयी एकच ओळ आहे, ती अशी की जमीन मोकळी होती.

“आजोबा, हे पूर्ण बुक म्हणजे यांनी स्वतःचंच कौतुक केलंय यार,” असे इला म्हणाली. आजोबांना यार म्हणू नये, असे मी तिला सांगितले.

“सॉरी. पण ऐका ना, इथे लिहिलंय, मजूर मिळवण्यात आले.”

“कोठून मिळविले?”

तिने पान उलटले, पुन्हा मागे आणले. “नाही लिहिलंय. डायरेक्ट घोड्यांवर गेलेत. जिंकलेल्या घोड्यांची नावं आहेत. ऐकायचीत?”

मी नको म्हणालो.

ते मजूर दक्षिण समुद्रातील बेटांवरून जहाजांनी आणले, काही राजीखुशीने आले व काही फसवून आणले, पुढे सरकारने कायदा करून त्यांपैकी बहुतेकांना परत धाडले आणि थोडे मागे राहिले, हे तू पत्रात लिहिलेस म्हणून समजले. तुझे यजमान श्री. मंडे हे अशा मागे राहिलेल्यांचे वंशज आहेत हे मला पूर्वीपासून ठाऊक आहे. पुस्तकात त्यांच्या लोकांचे नाव नाही याचे त्यांना वाईट वाटते, असे तू लिहितेस. आमच्या कारखान्याच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संचालकांचे फोटो होते, चिमणीचा फोटो होता, मंत्र्यांचा संदेश होता. माझे वडील ती जमीन मोडायला आलेल्या पहिल्या टोळीत होते. त्यांचा समावेश ‘मनुष्यबळ’ या शब्दात झाला. स्मरणिका अशाच असतात. त्यावर रागावण्याचे माझे वय राहिलेले नाही.

आता दुसरा मुद्दा. तेथील साखर कंपनी उत्तरेकडच्या शेतात ऊस भरण्याचे मोठे आवार बांधणार आहे, आणि मंडे यांच्या पूर्वजांच्या कबरी त्याच शेतात असल्यामुळे घरात कोणाला झोप नाही, असे तू लिहितेस. माझा सल्ला तू मागितलेला नाहीस, तरी देतो. असे वाद कागदावर मिटत नाहीत, जागेवर जाऊन मिटतात. नगरपालिकेच्या माणसांना तेथे न्या आणि, मंडे यांच्या आजीने मला नेऊन दाखविली तशी, जागा दाखवून मोकळे व्हा.

येथे बर्फ फार आहे. माझे गुडघे दुखतात. बाकी ठीक.

रं. ता. ढोकचौळे


श्रूजबरी
दि. २९ डिसेंबर २०२५

चि. सुलभा हिस,

माझ्या पत्राचा फोटो राजीवने त्याच दिवशी तुला पाठविला हे मला माहीत आहे. मूळ पत्र पोस्टानेच येईल. फोटोला मी पत्र मानत नाही.

तुझा फोन आला तेव्हा राजीव अर्धी दाढी झालेल्या तोंडाने माझ्या खोलीत आला. “बाबा, ताई रडतेय. ती म्हणतेय कुठली जागा? कुणाला माहीत नाहीये ती जागा!” त्याने फोन माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही. बावीस वर्षांनी प्रथम बोलायचे आणि विषय शेताच्या हद्दीचा, हे मला योग्य वाटले नाही. लिहून कळवितो, असे सांगितले.

तुमच्यापैकी कोणालाच ती जागा ठाऊक नसेल, याची मला कल्पना नव्हती. आजीने परक्या माणसाला दाखविली ती नातवाला दाखविली असेलच, असे मी धरून चाललो. तुझ्याकडून राजीवला कळले ते त्याने मला सांगितले, की तिच्या पिढीतल्या माणसांनी मुलांपाशी हा विषय कधी काढला नाही, शाळेत कोणी विचारले तर आपण दुसरेच कोणी आहोत असे सांगायला शिकविले, आणि ती वारल्यावर कोणी उरले नाही. आमच्या आळीतही अशी माणसे होती.

काय घडले ते आता क्रमाने लिहितो. तू तेथे होतीस, पण सर्व वेळ नव्हतीस.

२००३ साली तुझी आई व मी तुझ्याकडे आलो, तेव्हा तू आम्हाला मंडे यांच्या घरी नेलेस. शेताच्या कडेला लाकडी घर, पुढे ओसरी. तुझ्या आईला प्रवासाने चक्कर आल्यामुळे ती आत पडून होती. मी रीतीप्रमाणे विचारले, कुळी कोणती, देवक कोणते. मुलीच्या बापाने हे विचारायचे असते. मी जे विचारले ते योग्य विचारले आणि आजही मी तेच विचारीन. तू भाषांतर करताना शब्द मऊ केलेस. मला इंग्रजी येत नव्हते, पण माझे वाक्य किती आखूड होते आणि तुझे किती लांब झाले, हे कळत होते.

मंडे म्हणाले की आडनाव बोटीच्या धक्क्यावरच्या मुकादमाने दिले. पणजोबांचे खरे नाव त्याला उच्चारता येईना. जहाज लागले तो सोमवार होता, म्हणून त्याने तेच लिहून टाकले.

मी म्हणालो, “सोमवार ही काय कुळी झाली? उद्या बुधवार, गुरुवार सोयरीक मागायला येतील.”

तू त्याचे भाषांतर केले नाहीस. मंडे यांच्या म्हाताऱ्या आजीने तुझा हात धरून काहीतरी विचारले, तू दोन शब्दांत उत्तर दिलेस आणि आत गेलीस. मंडे तुझ्यामागे गेले. तू तिला काय सांगितलेस ते मला आजवर ठाऊक नाही. यांना तुमची माणसे कोण ते हवे आहे, असेच काहीसे सांगितले असावेस. कारण ती उठली, काठी घेतली, माझ्या सदऱ्याची बाही धरली आणि मला पायऱ्या उतरवून घेऊन गेली. नव्वदीची बाई. बाही सोडवून घेणे शोभले नसते.

घरामागे उसाच्या आगगाडीचे अरुंद रूळ होते. ते ओलांडण्याची फळ्यांची वाट होती, तेथून आम्ही सरळ शेतात शिरलो. खोडवा होता, तोडणीनंतर पुन्हा फुटलेला, कमरेइतका. सऱ्या सरळ येत होत्या आणि एका आंब्यापाशी वळसा घालून पुन्हा सरळ होत होत्या. मध्ये खडक नव्हता, ओढा नव्हता, पाणी साचल्याची खूण नव्हती. नुसते गवत होते. माझ्या हाताखालच्या माणसाने अशी सरी काढली असती तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठविले असते. मी हाताने विचारले, हे काय?

तिने काठीने एक जागा दाखविली. “माय फादर.” शेजारची दाखविली. “हजबंड्स फादर.” एवढे इंग्रजी मला येते. म्हणजे माहेर आणि सासर एकाच ओळीत. नंतर ती काठी पुढे पुढे नेत एकेक नाव घेत गेली. ती नावे इंग्रजी नव्हती. मंडे यांनी विचारले आहे की त्यांपैकी एखादे तरी नाव मला आठवते काय. आठवत नाही. पुष्कळ प्रयत्न केला. दोन रात्री त्यातच गेल्या. खोटे नाव सांगून कोणाचे समाधान करणे मला जमणार नाही.

आंबा आता नाही व यंत्रांसाठी सऱ्या सरळ केल्या आहेत, असे तू कळविलेस. तरी जागा सापडेल. गवतात उभे राहून गावाकडे तोंड केले की जुन्या कारखान्याची चिमणी चर्चच्या टोकाच्या नेमकी मागे जात होती, एवढी की चिमणी दिसत नव्हती, तिचा धूर चर्चमधून निघाल्यासारखा वाटत होता. मला तेव्हा हसू आले होते म्हणून लक्षात राहिले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चिमणी आहे. चर्चही असेल. फळ्यांच्या वाटेवरून सरळ चालत जा आणि चिमणी जेथे झाकते तेथे थांबा.

आम्ही परत आलो तेव्हा तू स्वयंपाकघरात होतीस. दुसऱ्या दिवशी मी तिकीट बदलून घेतले. पुढचे तुला माहीत आहे.

तुझी आई दुपारी तुझ्याशी फोनवर बोलत असे. मी त्या वेळी ओट्यावर जाऊन बसत असे. ऊन असले तरी बसत असे.

रं. ता. ढोकचौळे


श्रूजबरी
दि. १८ जानेवारी २०२६

चि. सुलभा हिस,

चिमणी झाकते ती जागा तुम्हाला सापडली, हे कळले. नगरपालिका नुसत्या सांगण्यावर काम थांबविणार नाही, शपथेवर लिहून दिले तर मात्र यंत्राने जमीन तपासून होईपर्यंत कंपनीला रोखील, हेही कळले. मी लिहून देणार आहे. त्याबद्दल आभार मानू नयेत. साक्ष देणे हे उपकाराचे काम नाही.

भाषांतर घरच्या माणसाने केलेले चालत नाही, म्हणून राजीवने शेजारच्या शुभा बारलिंगे यांना बोलाविले. मूळच्या नागपूरच्या, शाळेत शिकवीत होत्या. बाई स्पष्टवक्त्या आहेत. पहिल्याच दिवशी चहा घेताना म्हणाल्या, “काका, तुम्ही तंटामुक्तीचे अध्यक्ष होते ना? मग हा घरचा तंटा कोणाच्या अध्यक्षतेखाली चालला होता जी?”

राजीव मोठ्याने हसला. मी त्याच्याकडे पाहिले तेव्हा तो बशा उचलू लागला.

मजकूर दोन बैठकांत तयार झाला. वाद झाला तो एका ओळीवर. निवेदन देणाऱ्याचे संबंधितांशी नाते काय, असा रकाना आहे. तुमच्या वकिलाने राजीवला सांगितले होते की साक्षीदार कोणाचा कोणी लागत नसेल तर त्याच्या शब्दाला वजन येते. नातेवाईक असेल तर कंपनीचे वकील म्हणतील, सासऱ्याने जावयासाठी रचून सांगितले.

“सिंपल आहे बाबा,” राजीव म्हणाला. “रिलेशन नन लिहा. खोटं कुठंय त्यात? लग्नाला तुम्ही गेला नाहीत. ते तुमचे कोण, असं विचारलं की तुम्ही काय सांगता? कोणी नाहीत. मीच ऐकलंय शंभर वेळा. तेच इथे लिहायचं.”

“आणि कंपनीने शोधून काढले तर?”

“मग तेव्हा बघू. पण केस स्ट्राँग होते ना यार. सॉरी. बाबा.”

मी विचार करून सांगतो म्हणालो. त्याला वाटले मी अडून बसलो. शुभाताईंनाही वाटले. तुलाही वाटले असेल. माझा स्वभाव तसा आहे, तेव्हा कोणाला दोष देत नाही.

परवा संध्याकाळी राजीवने तुम्हा दोघांना पडद्यावर आणले. आधी सांगितले असते तर मी टोपी घातली असती. तुझे केस पिकू लागले आहेत. मंडे यांचे पूर्ण पांढरे झाले. ते मला मिस्टर ढोकचौळे म्हणाले, आडनाव बरोबर उच्चारले. कोणी शिकविले असेल ते उघड आहे. मग ते हळू बोलले आणि शुभाताईंनी सांगितले, “काका, ते म्हणून राहिले की नातं नाही असंच लिहा. त्यांना वाईट नाही वाटणार.”

मी म्हणालो, “त्यांना सांगा, मला वाटेल.”

शुभाताईंनी ते सांगितले. नंतर तू पडद्यापुढून उठून गेलीस. या वेळी मंडे तुझ्यामागे गेले नाहीत. ते माझ्याकडे पाहत बसले. त्यांना सांगायचे होते ते आता लिहितो. हे मी मागच्या पत्रात लिहिले नव्हते.

सर्व नावे घेऊन झाल्यावर म्हातारीने काठीचे टोक माझ्या छातीवर टेकविले आणि म्हणाली, “यू?”

मला वाटले ती रागावली. तसे नव्हते. ती थांबून राहिली. उत्तरासाठी थांबलेले माणूस कळते. तिने तिचे सांगितले होते. आता माझी पाळी होती. सोयरिकीत असेच असते, एका बाजूने सांगितले की दुसरीने सांगायचे. मी टोपी सारखी केली आणि सांगितले. कुळी सांगितली, देवक सांगितले, वडील तात्याबा, आजोबा कोंडाजी, पणजोबा रखमाजी, आणि वडिलांची राख कोणत्या नदीत सोडली तेही सांगितले. मराठीत सांगितले. तिला एक अक्षर कळले नसेल. प्रत्येक नावाला तिने मान हलविली, मी तिच्या नावांना हलविली नव्हती. माझे संपल्यावर तिने काठी खाली घेतली आणि आम्ही घरी आलो.

म्हणजे दोन्हीकडून सांगणे झाले होते, मुली. त्यानंतर नाही म्हणण्याची रीत नाही. मी रीत मोडून निघून आलो. कुळी विचारल्याचा मला पश्चात्ताप नाही. पुढची बावीस वर्षे मी मोजत बसत नाही, आणि तूही आता मोजू नकोस. मी थकलो आहे.

पण नाते नाही असे मला लिहिता येणार नाही, आणि त्याचे कारण केवळ माझ्या मनाचे नाही. वकिलाला नीट समजावून सांग. त्या बाईने पोटच्या मुलाला जागा दाखविली नाही, नातवाला दाखविली नाही. मग उसाच्या शेतात कोणा तिऱ्हाईत म्हाताऱ्याला नेऊन ती का दाखवील? नाते नाही असे मी लिहिले तर कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील, आणि त्याला उत्तर नाही. उत्तर एकच आहे. तिने ती व्याह्याला दाखविली. नाते काढून घेतले तर साक्ष उभी राहत नाही.

वजन कमी झाले तर होवो. खरे तेवढेच लिहिले जाईल.

शुभाताईंनी हे ऐकले आणि त्या म्हणाल्या, “बाप्पा, हे आधी सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते ना काका.” मी म्हणालो की आधी कोणी विचारले नव्हते.

आशीर्वाद.

रं. ता. ढोकचौळे


निवेदन

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
दि. ६ फेब्रुवारी २०२६

मी, रंगनाथ तात्याबा ढोकचौळे, वय वर्षे चौऱ्याऐंशी, शपथेवर असे लिहून देतो की:

सन २००३ मध्ये ग्लेनारवी येथील श्रीमती एस्थर मंडे, आता हयात नाहीत, यांनी मला त्यांच्या घरामागील उसाच्या शेतात स्वतः नेले व त्यांचे वडील, त्यांचे सासरे व इतर माणसे जेथे पुरलेली आहेत ती जागा काठीने दाखविली. जागेची खूण सोबतच्या नकाशावर माझ्या सांगण्यावरून केली असून ती मला मान्य आहे. त्या वेळी तेथे आंब्याचे झाड होते व उसाच्या सऱ्या त्या जागेला वळसा घालून काढलेल्या होत्या. ज्यांनी त्या काढल्या त्यांना ती जागा ठाऊक होती, असे माझे मत आहे. ते केवळ मत म्हणून नोंदवावे.

श्रीमती मंडे यांनी पुरलेल्या माणसांची नावे घेतली. ती मला आठवत नाहीत. आठवतात असे सांगण्याचा आग्रह मला कोणीही केलेला नाही.

ती जागा मला दाखविण्याचे कारण असे की, माझ्या मुलीची सोयरीक त्यांच्या नातवाशी होत होती आणि मी त्यांना त्यांची कुळी विचारली होती. त्यांनी मला पूर्ण उत्तर दिले.

संबंधितांशी नाते: श्री. डॅनियल मंडे हे माझे जावई आहेत. कै. श्रीमती एस्थर मंडे या माझ्या थोरल्या विहीणबाई होत्या.

हे निवेदन मला मराठीत वाचून दाखविण्यात आले. ते बरोबर आहे. सही मी स्वतः केली आहे, अंगठा दिलेला नाही.

समक्ष हजर साक्षीदार:
श्रीमती शुभा बारलिंगे, भाषांतरकार, राहणार श्रूजबरी.
श्री. राजीव रंगनाथ ढोकचौळे, मुलगा, राहणार श्रूजबरी.

पडद्यावर हजर:
चि. सौ. सुलभा डॅनियल मंडे, मुलगी, राहणार ग्लेनारवी.
श्री. डॅनियल मंडे, जावई, राहणार ग्लेनारवी.

पडद्यावरची माणसे साक्षीदार म्हणून धरता येत नाहीत, असे नोटरीने सांगितले. तरी ती शेवटपर्यंत हजर होती, म्हणून लिहिली आहेत.